आकडे जुळतात तेव्हा

डेन्व्हरमध्ये १९५७ साली थिओडोर पक यांनी एका चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून पेशी काढल्या आणि काचेच्या बशीत वाढवल्या. त्या पेशींचा वंश अजून खुंटलेला नाही. कर्करोगावर किंवा संधिवातावर आज जी प्रतिपिंडं औषध म्हणून दिली जातात, त्यांतला मोठा वाटा याच वंशातल्या पेशी तयार करतात. पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या सीमेवर उभ्या असलेल्या स्टीलच्या टाक्यांमध्ये त्या रात्रंदिवस वाढत असतात. कारखान्यात त्यांना ‘चो सेल्स’ म्हणतात. त्यांना रविवार नसतो, दिवाळी नसते. कराडजवळच्या एका गावातून कोल्हापूरला एमएस्सी करून पुण्याजवळच्या एका कंपनीत लागलेल्या मुलीला या पेशींनी कामाचा पहिला नियम शिकवला, आणि तो वेळापत्रकाचा होता. तिचं पहिलं लक्ष्मीपूजन रात्रपाळीत गेलं, कारण टाकीतल्या पेशींना खाऊ घालायची वेळ त्याच रात्री येत होती.

तिचं नाव इथे देत नाही, कंपनीचंही नाही. पुढे जे घडलं त्यात एकाची नोकरी गेली, आणि तो हिशेब मांडणं हा या लेखाचा हेतू नाही.

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या मनात संशोधन असतं. नोकऱ्या निघतात त्या उत्पादनात, क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) किंवा क्वालिटी ॲश्युरन्समध्ये (क्यूए). मुलींना सहसा क्यूसीच्या प्रयोगशाळेत धाडलं जातं. तिने हट्टाने उत्पादन मागून घेतलं. पगार वर्षाला तीन लाखांच्या आसपास, जाण्यायेण्याला कंपनीची बस, पाळ्या तीन. घरी सांगताना ‘औषध बनवते’ एवढंच सांगितलं, तर आजीला गोळ्यांचं मशीन डोळ्यांपुढे आलं. गोळीतलं औषध आणि हे औषध यांत फार अंतर आहे. ॲस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. एका प्रतिपिंडाच्या रेणूत ते वीस हजारांच्या घरात जातात. ॲस्पिरिन रसायनांपासून घडवता येतं. प्रतिपिंड मात्र जिवंत पेशीकडूनच करवून घ्यावं लागतं, आणि टाकीतली हवा, साखर, आम्लता किंचित बदलली तरी त्यावर चिकटणाऱ्या साखरसाखळ्यांची ठेवण बदलू शकते. म्हणूनच अशा औषधाचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने काढलेल्या औषधाला ‘जेनेरिक’ न म्हणता ‘बायोसिमिलर’, म्हणजे त्याच्यासारखं, म्हणतात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ साली रिटुक्सिमॅबचं असं औषध भारतात आणलं. त्यानंतर आपल्याकडे हा व्यवसाय खऱ्या अर्थाने फोफावला आणि तिच्यासारख्यांसाठी नोकऱ्या तयार झाल्या.

काम वरून पाहिलं तर साधं दिसतं. द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली पेशींची एक छोटी कुपी बाहेर काढायची, वितळवायची. आधी लहान फ्लास्कमध्ये, मग मोठ्या फ्लास्कमध्ये, मग ५० लिटरच्या, २०० लिटरच्या आणि शेवटी २००० लिटरच्या बायोरिॲक्टरमध्ये ती वाढवत न्यायची. मोठ्या टाकीत साधारण दोन आठवडे पेशी जगवायच्या. तापमान ३७ अंश, पीएच सातच्या आसपास, विरघळलेला ऑक्सिजन ठरलेल्या टक्क्यावर. रोज नमुना काढून किती पेशी जिवंत आहेत, ग्लुकोज किती उरलं, लॅक्टेट किती साचलं ते पाहायचं. मग हार्वेस्ट. पुढचं शुद्धीकरणाचं काम डाउनस्ट्रीमवाल्यांचं.

हे सगळं ती पुस्तकात वाचून आली होती. पुस्तकात नसलेलं तिला शिकवलं ते एका जुन्या ऑपरेटरने. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची उमेदीची वर्षं पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये गेली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली उभा राहिलेला हा देशातला पहिला सरकारी औषधकारखाना. पेनिसिलिन तिथे बुरशीपासून मोठमोठ्या फर्मेंटरमध्ये काढत. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषधही तिथेच शोधलं गेलं. कारखान्याची आद्याक्षरं त्याच्या नावात आहेत. पुण्यातल्या औषधउद्योगाची वाखाणणी करताना लोक मालकांची आणि शास्त्रज्ञांची नावं घेतात. फर्मेंटरशेजारी आयुष्य काढलेल्या ज्या ऑपरेटरांनी ती समज पुढच्या पिढीच्या कारखान्यांत नेली, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं आढळत नाही. लिहायला हवं.

काका पडद्यावरच्या आकड्यांआधी टाकीकडे बघत. फेस किती आहे, कसा आहे, ढवळणीचा आवाज कालसारखाच आहे का, कंडेन्सेट कुठे साचतंय. ती त्यांना काका म्हणायची. ते तिला, वयाने मुलीएवढी असूनही, मॅडम म्हणत, कारण ती एक्झिक्युटिव्ह होती. एकदा तिने विचारलं, पेशींची वाढ थोडी मंद आहे, पण मर्यादेच्या आत आहे, मग लिहायचं कशाला? काका म्हणाले, “मॅडम, मर्यादेच्या आत आहे ते पहिल्या रकान्यात लिहा. कालच्यापेक्षा मंद आहे ते शेऱ्यात लिहा.”

या सल्ल्याची किंमत तिला पुढे एका अमेरिकी घटनेबद्दल वाचताना कळली. बोस्टनजवळ ऑल्स्टनमध्ये जेन्झाइमचा कारखाना होता. गोशे आणि फॅब्री या दुर्मिळ आजारांवरची औषधं तिथे बनत. २००९ साली तिथल्या टाक्यांमध्ये ‘व्हेसिव्हायरस २११७’ हा विषाणू सापडला. माणसाला त्याचा अपाय झाल्याचं माहीत नव्हतं, पण चो पेशींची वाढ तो रोखत होता. कारखाना बंद करून धुवावा लागला, औषधांचा तुटवडा पडला, आणि जगभरच्या रुग्णांना महिनोन्‌महिने डोस कमी करून पुरवून घ्यावे लागले. मागे वळून तपासलं तेव्हा आदल्या वर्षी वाढ मंदावल्याच्या ज्या घटना झाल्या होत्या, त्यांचाही संबंध याच विषाणूशी लागला. वाढ मंदावणं ही पहिली खूण होती.

नोंदीचा प्रश्न तिच्यासाठी तिथूनच मोठा झाला. बायोफार्मात प्रत्येक बॅचचा एक जाडजूड दस्तऐवज असतो, बीएमआर, म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड. कोणती झडप कोणी किती वाजता उघडली, कोणी ते पाहिलं, कोणत्या लॉटची साखर घातली, सगळं त्यात. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख, कारण. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ज्या क्षणी काम केलं त्याच क्षणी लिहायचं, रिकाम्या कागदावर टिपून नंतर उतरवायचं नाही. नवख्यांना हे सगळं आठवडाभराच्या प्रशिक्षणात सांगतात आणि ते माना डोलावतात.

पण ही मुलं कुठून आलेली असतात ते पाहायला हवं. आपल्याकडे बारावीपासून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवायची’ रीत आहे. उत्तर आधी माहीत असतं. टायट्रेशनचं रीडिंग त्याच्या जवळ आलं नाही तर शेजाऱ्याचं बघून एखाद्या दशांशाने इकडेतिकडे करायचं. बाहेरून येणारे परीक्षक उत्तर बघतात, मार्क देतात. सरांना माहीत असतं, मुलांना माहीत असतं, कुणालाही त्यात खोटेपणा वाटत नाही. अशी वर्षं काढलेला मुलगा कारखान्यात आला आणि त्याच्या हातात पेन दिलं, तर जुळलेला आकडा म्हणजेच बरोबर आकडा, असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. या क्षेत्रातल्या वरिष्ठांनी हे ध्यानात घेतलेलं फारसं दिसत नाही.

ती रात्र साधीच होती. टाकीतला पीएच दाखवणारा प्रोब पडद्यावर ७.०५ सांगत होता. तिने नमुना काढला, बाहेरच्या ॲनालायझरवर तपासला. आला ६.८६. पुन्हा नमुना काढला. तेवढाच फरक. प्रोब कालांतराने सरकतो, त्यात नवल नाही. म्हणूनच तर दर पाळीत बाहेर तपासून पाहायचं असतं. पण फरक एका पाळीत इतका वाढत नाही. प्रोब जास्त दाखवत असेल तर नियंत्रक टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो, आणि पेशी प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा अधिक आम्लधर्मी पाण्यात राहतात. किती वेळ राहिल्या हाच प्रश्न होता.

काकांना तिने विचारलं. “जे दिसतंय ते आधी लिहा. अर्थ नंतर लावू,” ते म्हणाले. तिने वेळ घालून दोन्ही आकडे लिहिले, शिफ्ट इन्चार्जना उठवलं, त्यांनी क्यूएला फोन केला. डेव्हिएशन, म्हणजे ठरल्या पद्धतीपासून ढळल्याची औपचारिक नोंद, उघडलं गेलं.

सकाळी मागची पानं पाहिली गेली. कित्येक पाळ्या बाहेरचं रीडिंग आणि प्रोबचं रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं होतं. ७.०५, ७.०५. ७.०४, ७.०४. खऱ्या टाकीतून इतके जुळलेले आकडे येत नाहीत. दोन उपकरणांत थोडा फरक असायचाच. ॲनालायझर आपली स्मृती ठेवतो. ती काढली, तर त्यांतल्या बऱ्याच वेळांना त्यावर कोणताही नमुना चाललेलाच नव्हता. पडद्यावरचा आकडा पाहून दुसऱ्या रकान्यात उतरवला गेला होता.

बॅच फेकावी लागली. शुद्धीकरण करून अंतिम चाचण्या केल्या असत्या तर कदाचित सगळ्या पार पडल्याही असत्या. पण पेशी किती वेळ कोणत्या आम्लतेत होत्या हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि ते सांगता येत नसेल तर ते औषध रुग्णाच्या शिरेत सोडायला कोणी सही करणार नाही, करूही नये. टाकीतला सगळा माल किल टँकमध्ये गेला, उष्णतेने मारून सांडपाण्यात सोडला गेला. ज्याने आकडे उतरवले होते तो तिच्याबरोबरच रुजू झालेला, रोज त्याच बसने येणारा मुलगा. त्याला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं.

त्याच्याशी बोलायचं की नाही, हे तिला बरेच दिवस कळत नव्हतं. तिला त्याचा राग होता. ज्या रुग्णांसाठी हे औषध जायचं त्यांचा विचार केला की तो वाढत असे. आणि तरीही काहीतरी सुटत होतं. चौकशीच्या मसुद्यात कारण म्हणून लिहिलं होतं, ‘मानवी चूक’. उपाय म्हणून लिहिलं होतं, ‘पुन्हा प्रशिक्षण’. औषधउद्योगात ही जोडी इतक्या वेळा लिहिली जाते की तपासणीला येणारे निरीक्षक आता तिच्यावरच बोट ठेवतात.

क्यूएमध्ये एक ज्येष्ठ मॅडम होत्या. तिने मनातलं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तू रात्री एकदा त्याच्या जागी उभी राहा. कागदावर नको, प्लांटमध्ये.” ती उभी राहिली. रात्रपाळीत त्या मजल्यावर एक एक्झिक्युटिव्ह, टाक्या दोन. ॲनालायझर ठेवलेला होता एअरलॉकच्या पलीकडच्या खोलीत. म्हणजे नमुना काढायचा, एअरलॉकमध्ये जाऊन वरचा झगा, हातमोजे, बुटांवरची आवरणं काढायची, पलीकडे जाऊन नमुना चालवायचा, परत येऊन हात धुवून सगळं नव्याने चढवायचं. आणि ठीक त्याच वेळेला दुसऱ्या टाकीचं फीडिंग करायचं असं वेळापत्रक सांगत होतं. फीडिंगच्या वेळेत हयगय केली तर डेव्हिएशन, आणि डेव्हिएशनची संख्या महिन्याच्या बैठकीत मोजली जायची. एकाच माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी असणं कार्यपद्धतीत लिहून ठेवलेलं होतं. वर्षानुवर्षं ती कार्यपद्धती मंजूर होत आली होती. खाली सह्या होत्या.

त्या मुलाने केलं ते चूकच होतं. पण ते करणं सोपं आणि खरं लिहिणं अवघड अशी ती जागा रचलेली होती. हे वाक्य तिने अहवालात लिहिलं, अर्थात अधिक सौम्य भाषेत. २०१३ नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या एफडीएने भारतीय औषध कंपन्यांना धाडलेल्या इशाऱ्याच्या पत्रांत डेटा इंटिग्रिटी हा विषय वारंवार येतो. आपल्याकडे त्यावर चर्चा होते ती संस्कारांची आणि शिस्तीची. खोलीत ॲनालायझर कुठे ठेवला आहे आणि रात्री माणसं किती आहेत, याची चर्चा क्वचित होते. तिच्या मते, आणि लिहिणाऱ्याच्याही मते, सुरुवात तिथूनच करायला हवी.

दोष माणसावर ढकलून प्रकरण मिटवण्याची सवय जुनी आहे. मुंबईत परळला वाल्देमार हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात तिथून गेलेली लस १०७ जणांना टोचली. त्यांतले १९ जण, सगळे एकाच बाटलीतून टोचलेले, धनुर्वाताने मेले. चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, कारण हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून उष्णतेवर भर दिला होता. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, असं पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी जाहीर बाजू घेतल्यावर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ साली देण्यात आलं. मधल्या वर्षांत एका शास्त्रज्ञाचं आयुष्य होरपळलं, आणि बाटली उघडण्याच्या जागी काय काळजी घ्यायची हा मूळ प्रश्न मागे पडला.

ॲनालायझर टाकीशेजारी आणा, ही मागणी ऐकायला सोपी वाटते. त्याला बरेच महिने लागले. चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाच्या मंजुरीची प्रक्रिया, उघडा, त्या खोलीच्या हवेच्या वर्गात हे यंत्र बसतं का ते तपासा, त्याची पात्रता पुन्हा सिद्ध करा, कार्यपद्धती बदला, सगळ्यांना प्रशिक्षण द्या. सुरुवातीला ती या दिरंगाईवर चिडायची. मग तिच्या वाचनात इप्रेक्सचं प्रकरण आलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त वाढवणारं हे औषध. १९९८ साली युरोपात त्यातलं स्थिरता देणारं मानवी अल्ब्युमिन काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आलं. हेतू सुरक्षिततेचाच होता. त्यानंतर काही रुग्णांच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. ती रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही उलटली आणि लाल पेशी तयार होणंच थांबलं. कारण शोधायला वर्षं गेली. संशयितांमध्ये एक होता सिरिंजमधला रबरी बूच, ज्यातून नव्या घटकामुळे काही द्रव्यं औषधात उतरत असावीत. एक स्थिरकारी घटक बदलला आणि बुचाचा स्वभाव बदलला, असं कुणाच्या स्वप्नातही नसेल. चेंज कंट्रोलच्या अर्जावरचे कंटाळवाणे रकाने भरताना ती त्यानंतर घाई करेनाशी झाली.

ॲनालायझर आला. रात्रपाळीत दुसरा माणूसही आला, पण तो मिळवायला जास्त भांडावं लागलं, कारण यंत्राचा खर्च एकदाच असतो.

पुढे तिने काही काळ क्यूसीत काढला. तिथला मोह वेगळा. चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर गेला की पहिला विचार येतो, पुन्हा करून बघू. १९९३ साली न्यू जर्सीतल्या न्यायालयाने बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात यावर स्पष्ट निकाल दिला होता: पास होईपर्यंत चाचण्या करत राहणं मान्य नाही, आधी कारण शोधा. क्यूसीतल्या नवख्यांना तो निकाल पाठ असतो. नापास झालेला निकाल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायचं तेव्हा साहेब आधी काय विचारतात, ‘किती वेळा केलं?’ की ‘काय दिसलं?’, त्यावर त्या पाठांतराचा उपयोग ठरतो.

आता ती चौकशीच्या टीममध्ये आहे. डेव्हिएशन आलं की कागद मागवण्याआधी ती मजल्यावर जाते, नोंद कुठे करायची आणि काम कुठे करायचं यातलं अंतर घड्याळ लावून चालून बघते. तरुण सहकारी तिला ‘घड्याळवाली मॅडम’ म्हणतात.

काका निवृत्त झाले, चिंचवडला असतात.

मध्यंतरी कोल्हापूरच्या तिच्या जुन्या विभागाने तिला विद्यार्थ्यांशी बोलायला बोलावलं. मुलांनी पगार विचारला, रात्रपाळी विचारली, परदेशी जाता येतं का ते विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं. नंतर चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी विचारलं, अभ्यासक्रमात काय घालू? तिने घालण्याऐवजी काढायला सांगितलं: प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांना एकच माहीत असलेलं उत्तर देणं बंद करा. सर हसले नाहीत. बाहेरचे परीक्षक, मार्क, निकालाची टक्केवारी, त्यांनी अडचणी एकेक करून मांडल्या, आणि त्या खऱ्याच होत्या. शेवटी एका प्रयोगापुरतं करून बघायचं ठरलं. ब्रॅडफर्डच्या पद्धतीने प्रथिनाचं प्रमाण काढायचं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नळीत वेगळ्या तीव्रतेचं द्रावण, आणि मार्क उत्तराला कमी, कच्च्या नोंदींना जास्त. द्रावणं बनवायचं काम प्रयोगशाळा सहायकांकडे जाणार होतं. त्यांचा एक प्रश्न होता, आणि तो तिला फार आवडला: कुणाच्या नळीत काय घातलं याची नोंद कुठल्या वहीत करायची, आणि ती वही कुणाकडे ठेवायची?